कागद तपासला, माणूस तपासायचा राहिला

एका ३२ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. लग्नाला तीन वर्षं झाली, हिंजवडीला आयटीत आहे, राहायला सिंहगड रोडला, बायको २९ ची. दीड वर्ष मुलासाठी प्रयत्न चालू आहेत, तिच्या सगळ्या टेस्ट झाल्या, लॅप्रोस्कोपीसुद्धा (पोटात दुर्बीण घालून तपासणी) झाली, सगळं नॉर्मल. याचा एकच रिपोर्ट केला, त्यात काऊंट म्हणजे शुक्राणूंची संख्या ४ मिलियन, मोटिलिटी म्हणजे हलणारे ३० टक्के, नॉर्मल शेप २ टक्के. डॉक्टर म्हणाले डायरेक्ट इक्सी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचाच एक प्रकार, करून टाका. पुढे लिहितो की जिमला जातो, ट्रेनरने सात महिन्यांपासून आठवड्याला एक टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू केलंय, त्याने पुरुषी ताकद वाढते तर काऊंटही वाढेल ना? डाव्या बाजूला संध्याकाळी जड जड वाटतं पण ते काही विशेष नाही. आणि शेवटी, आई बायकोलाच बोलते, तिला काय सांगू?

मी पुण्यात वीसेक वर्षं हेच काम करतोय, पुरुषांचं वंध्यत्व. तेव्हा जरा मोठं उत्तर देतो, शांतपणे वाचा.

आधी ते इंजेक्शन, बाकीचं सगळं नंतर. तुम्ही ते मधेच सहज लिहून टाकलंय पण मला अख्ख्या प्रश्नात आधी तेच वाक्य दिसलं. ते काऊंट वाढवत नाही, पाडतं. आणि थोडं नाही, पार शून्यापर्यंत पाडू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन, आठवड्याला २०० मिलिग्रॅम, पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं, १९९० साली त्याचे निकाल छापून आले, आणि त्यात अर्ध्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू पूर्ण शून्यावर गेले होते. म्हणजे एकीकडे तुम्ही मुलासाठी प्रयत्न करताय आणि दुसरीकडे दर आठवड्याला गर्भनिरोधक टोचून घेताय, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. याचा मला फार त्रास होतो, कारण गेल्या काही वर्षांत अशी मुलं सारखी येतायत, चांगली शिकलेली, तब्येतीची काळजी घेणारी, आणि रिपोर्ट हातात घेऊन माझ्यासमोर रडणारी.

हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुन्हा कुणी काही सांगितलं तरी फसणार नाही. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत टँकर येतो ना, तसं समजा. बोअरची मोटर ऑटोमॅटिक असते, वरची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद. आता तुम्ही टाकीत बाहेरून टँकरचं पाणी ओतत राहिलात तर फ्लोट कायम वर, मोटर लागतच नाही, आणि खाली बोअरच्या लाईनवर जी बाग जगत होती ती वाळून जाते, टाकी मात्र वरपर्यंत भरलेली. मेंदूच्या खाली पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच असे दोन हार्मोन सोडून अंडकोषाला कामाला लावते. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन भरपूर दिसलं की ती म्हणते झालं, आता गरज नाही, आणि दोन्ही बंद करते. शुक्राणू बनायला अंडकोषाच्या आत जे टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त लागतं, ते तिथल्या तिथेच बनावं लागतं, बाहेरून टोचून तेवढं तिथे पोचत नाही. म्हणून दंड फुगतात, दाढी दाट होते, आणि अंडकोष लहान आणि मऊ पडत जातात. बाहेरून माणूस पैलवान दिसतो आणि काऊंट शून्य.

आता चांगली गोष्ट. इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं काम परत सुरू होतं, कुणाचं सहा महिन्यांत, कुणाचं वर्षभरात, काहींना दोन वर्षंही लागतात. किती दिवस घेतलं, किती डोस होता, आधी काऊंट कसा होता यावर ते ठरतं. आजपासून पुढचं इंजेक्शन घेऊ नका. काही आठवडे थकल्यासारखं वाटेल, मूड उतरेल, इच्छा कमी होईल, त्याला घाबरून परत टोचू नका, त्या काळासाठी आमच्याकडे वेगळी औषधं असतात जी ती मोटर परत चालू करायला मदत करतात, पण ती रक्त तपासून द्यायची असतात, ट्रेनरने सांगून किंवा मेडिकलवाल्याने दिली म्हणून घ्यायची नसतात. व्यायाम चालू ठेवा, तो चांगलाच आहे. साधं दुकानातलं प्रोटीनही काही करत नाही, फक्त डब्यात प्रोटीनच आहे ना हे माहीत असलं पाहिजे.

आता रिपोर्ट. एका रिपोर्टवर कुणाचंही काही ठरत नाही, तुमचंही नाही. शुक्राणू बनायला साधारण अडीच महिने लागतात आणि नळ्यांतून बाहेर यायला अजून आठदहा दिवस ते दोन आठवडे, म्हणजे गणपती बसले तेव्हा जो शुक्राणू बनायला लागला तो बाहेर येणार मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या सुमाराला. त्यामुळे आज जो रिपोर्ट आहे तो आजचा नाहीच, तीन महिन्यांपूर्वी तुमचं कसं चाललं होतं त्याचा आहे. मधे डेंग्यू होऊन गेला असेल, पावसाळ्यात व्हायरलचा जोरदार ताप येऊन गेला असेल तरी काऊंट खाली येतो आणि मग आपोआप वर येतो. म्हणून आम्ही काही आठवड्यांच्या अंतराने किमान दोनदा तपासतो.

सॅम्पल कसं दिलं हेही कुणी विचारत नाही. दोन ते सात दिवस संबंध नसावा, हस्तमैथुनही नसावं, त्याच्या अलीकडे पलीकडे नको. बऱ्याच जणांना वाटतं पंधरा दिवस साठवून दिलं की भरपूर येईल, पण त्यात जुने थकलेले मेलेले शुक्राणूच जास्त येतात आणि मोटिलिटी खाली दिसते. आणि पहिली धार महत्त्वाची, सगळ्यात जास्त शुक्राणू पहिल्या थेंबांत असतात, डबीबाहेर थोडं सांडलं आणि ते पहिलंच असलं तर रिपोर्ट खोटा येतो. लाजेपायी कुणी सांगत नाही की सांडलं म्हणून. अहो सांगा, लॅबवाले दुसरी तारीख देतात. घरून आणणार असाल तर अर्ध्या तासात, फार तर तासात लॅबमध्ये पोचलं पाहिजे, शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवून. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सकाळी नऊला डबी घेऊन निघालात तर ते होणार नाही, त्यापेक्षा लॅबमध्येच द्या. तिथे दरवाजाबाहेर लोक बसलेत म्हणून जमत नाही असं होतं, अगदी नॉर्मल आहे, बायकोला बरोबर न्या, नाहीतर लॅबच्या अगदी जवळ कुणाचं घर असेल तर तिथून आणा.

आकड्यांचा अर्थ सांगतो, कारण यावरच माणसं झोप घालवून बसतात. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचे जे नवीन मापदंड आले त्यात वीर्य १.४ मिली, दर मिलीला १६ मिलियन शुक्राणू, हलणारे ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के अशा खालच्या रेषा आहेत. या रेषा आल्या कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा बाप झालेल्या पुरुषांचेच रिपोर्ट घेतले, ते चढत्या क्रमाने लावले आणि शंभरातल्या तळच्या पाच जणांच्या वर रेघ मारली. म्हणजे त्या रेघेखालचे पाच जणही बापच होते! रेघेखाली आलात तर वेळ जास्त लागेल, शक्यता कमी होईल, पण दार बंद झालं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि रेघेच्या वर आलात म्हणून खात्री आहे असंही नाही. तो २ टक्के शेपचा आकडा वाचून तुम्ही हादरला असाल, ९८ टक्के खराब म्हणजे मूल व्यंग असलेलं होईल का असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, तर तसं अजिबात नाही, डोकं जरा लांबट, शेपटी जरा वाकडी एवढ्यावरून तो खराबात टाकतात, इतके कडक नियम असतात की उत्तम काऊंट असलेल्यांचेही थोडेच नॉर्मल येतात.

अजून एक, रिपोर्टवर पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, इतके इतके असं लिहून येतं आणि लगेच अँटिबायोटिकचा कोर्स चालू होतो, मग दुसरा, मग तिसरा. त्या गोल पेशी बऱ्याचदा पस नसतातच, अर्धवट तयार झालेले शुक्राणू असतात, वेगळा रंग टाकून बघितल्याशिवाय फरक कळत नाही. तक्रार काही नाही, कल्चरमध्ये काही नाही, तर अँटिबायोटिक कशासाठी?

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या बायकोच्या किती टेस्ट झाल्या ते बघा. सोनोग्राफी, हार्मोन, नळ्यांची टेस्ट, वर भूल देऊन लॅप्रोस्कोपी. तुम्हाला कुणी एकदा तरी टेबलावर झोपवून, उभं करून, हाताने तपासलं का? मला खात्री आहे की नाही. तुमची डबी तपासली, तुम्ही राहिलात. जोडप्यांमध्ये मूल न होण्याच्या कारणांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाचा काहीतरी भाग असतो, एकट्याचा किंवा दोघांचा मिळून, तरी पुरुषाची तपासणी म्हणजे एक डबी आणि एक कागद एवढीच राहिलीय.

हाताच्या तपासणीला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे एक मण्यांची माळ असते, बारा मणी, लहानापासून मोठ्यापर्यंत, १ मिलीपासून २५ मिलीपर्यंत. ती हातात धरून अंडकोष कुठल्या मण्याएवढा आहे ते बघायचं, मोठ्या माणसाचा साधारण १५ ते २५ च्या मधला असतो. लहान आणि टणक असतील तर वेगळा विचार, क्लाइनफेल्टर म्हणजे एक्स गुणसूत्र एक जादा असू शकतं, साधारण सहाशे पुरुषांत एकाला असतं आणि कित्येकांना लग्न होईपर्यंत कळतच नाही. लहान आणि मऊ असतील तर इंजेक्शनं, नाहीतर मेंदूकडूनच हुकूम येत नसेल. व्यवस्थित भरलेले असतील आणि तरी काऊंट शून्य असेल तर मग माल तयार होतोय, रस्ता बंद आहे. एवढं एका स्पर्शात समजतं. मग वीर्यनळी चाचपायची, दोन बोटांत जाडसर सुतळीसारखी लागते.

एक जोडपं आठवतं, पुण्याच्या बाहेरचं, शेतकरी कुटुंब. चार वर्षं झाली होती. बायकोची दोन ऑपरेशनं झालेली, गोळ्या किती खाल्ल्या त्याला हिशोब नाही. नवऱ्याचा रिपोर्ट सुरुवातीपासून शून्य, आणि सगळे म्हणत होते डोनर घ्या, म्हणजे दुसऱ्या पुरुषाचं वीर्य. मी त्या मुलाला तपासलं तर दोन्ही बाजूच्या वीर्यनळ्या जन्मापासून नव्हत्याच. अंडकोष अगदी छान भरलेले. आणि जुना रिपोर्ट काढून बघितला तर त्यातच सगळं लिहिलेलं होतं, वीर्य अर्धा मिली, आम्लधर्मी, फ्रुक्टोज (वीर्यातली साखर) निल, हे तीन शब्द एकत्र आले की नळ्या आहेत का ते चाचपून बघायचं असतं, पण बघितलंच नव्हतं. यात एका जनुकाची टेस्ट दोघांचीही करावी लागते, कारण बायकोतही तोच दोष असला तर मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. ती केली, ठीक आली, मग सुईने शुक्राणू काढले आणि इक्सी केलं. त्याचं स्वतःचं मूल आहे आज. माझा राग अजून गेलेला नाही तो त्या बाईच्या दोन ऑपरेशनांचा, ज्यांची काही म्हणता काही गरज नव्हती.

तुमच्या बाबतीत तो डाव्या बाजूचा जडपणा. तो मला बघायचाय. डाव्या अंडकोषाकडून वर जाणारी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, उजवीची तशी नसते, म्हणून डाव्या बाजूला रक्त साचून शिरा फुगायची शक्यता जास्त, याला व्हेरिकोसील म्हणतात. उभं राहून, श्वास रोखून जोर दिला की हाताला शेवयांच्या गुंत्यासारखं लागतं. दिवसभर उभं राहिलं की जड होतं, आडवं झालं की बरं वाटतं. शंभरातल्या पंधरा पुरुषांना असतं आणि त्यातल्या कित्येकांना मुलं आहेत, त्यामुळे दिसलं की कापा असं नाही, पण काऊंट कमी असलेल्यांमध्ये ते शंभरात पस्तीस-चाळीस जणांना सापडतं आणि हाताला लागण्याइतकं मोठं असेल, रिपोर्टही खराब असेल, तर ऑपरेशनचा विचार करायचा, मायक्रोस्कोपखाली केलेलं चांगलं, फरक दिसायला तीन ते सहा महिने. उलटं म्हणजे हाताला काहीच लागत नाही आणि फक्त डॉपलर सोनोग्राफीच्या कागदावर ग्रेड वन लिहिलंय म्हणून ऑपरेशन करू नका, त्याने फायदा होत नाही.

अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते उगाच नाही, त्यांना बाकी अंगापेक्षा दोन ते चार डिग्री गारवा लागतो. भोसरी चाकणच्या फोर्जिंगमधली माणसं, कॅम्पातल्या बेकरीत भट्टीसमोर उभी राहणारी, हॉटेलचे आचारी, यांच्याबाबतीत मी कामाचं आधी विचारतो. तुमच्यासारख्यांना मांडीवर लॅपटॉप, दहा तास खुर्ची, घट्ट जीन्स. एकट्या लॅपटॉपने कुणाचा ४ मिलियन होत नाही, पण मांडीवरून टेबलावर ठेवायला पैसे तर पडत नाहीत ना. तंबाखू कुठल्याही रूपात वाईटच, सिगारेट असो नाहीतर मळून लावलेली असो. दारू रोजची असेल तर सोडा. पोट सुटलेलं असेल तर चरबी टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर बायकांच्या हार्मोनमध्ये करते, त्यामुळे पाच सहा किलो कमी केले तरी उपयोग होतो. डोक्यावरचे केस गळतात म्हणून कुणी फिनास्टराइड घेत असेल, आतड्याच्या आजारासाठी सल्फासॅलॅझिन चालू असेल, तर तेही मला सांगा, यांनी काऊंट खाली येऊ शकतो आणि बंद केलं की परत वर येतो. डॉक्टरांना विचारून बंद करायचं, मनाने नाही.

त्या तीन हजारांच्या महिन्याच्या गोळ्यांबद्दलही विचारतात लोक, झिंक, फॉलिक ॲसिड वगैरे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर याचा नीट अभ्यास झाला, २०२० ला छापून आला, झिंक आणि फॉलिक ॲसिड सहा महिने घेतलेल्या आणि न घेतलेल्या पुरुषांमध्ये मूल होण्यात काही फरक पडला नाही. पौष्टिक खा, झोपा, त्या पैशात दूध-अंडी, फळं, सुकामेवा आणा. रस्त्यावरच्या भिंतींवर जाहिरात असते त्या ताकदीच्या पावडरी तर घेऊच नका, असल्या पावडरींमध्ये न सांगता ॲलोपॅथीची औषधं मिसळलेली सापडलेली आहेत.

एक अवघड गोष्ट विचारतो, रागावू नका. तुम्ही दोघं महिन्यात किती वेळा एकत्र येता? तिची शिफ्ट वेगळी, तुमचे अमेरिकेचे कॉल रात्री, शनिवार-रविवार गावाला. माझ्याकडे अशी जोडपी येतात ज्यांच्यात कसलाच दोष नसतो, फक्त भेटच होत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून बीज बाहेर पडायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच सहा दिवस महिन्यात कामाचे. पण ॲपवर अलार्म लावून आज रात्री साडेदहाला असं केलं की भल्याभल्यांचं होत नाही, मग त्याची लाज, मग भांडण, मग पुढच्या महिन्याची भीती. त्यापेक्षा पाळी संपली की एक दिवसाआड एकत्र या, तारखांकडे बघायचं सोडून द्या, ते सहा दिवस आपोआप त्यात येऊन जातात. आणि कोरडेपणासाठी जेल वापरत असाल किंवा थुंकी, तर बंद करा, त्याने शुक्राणू मरतात किंवा मंद होतात.

हे ज्यांना मूल नको त्यांनाही लागू आहे म्हणून मधेच सांगतो: अंघोळीच्या वेळी अंडकोष हाताने बघत जा, न दुखणारी टणक गाठ लागली तर थांबू नका, कारण अंडकोषाचा कॅन्सर जास्त करून तरुणपणी, १५ ते ३५ च्या वयात होतो आणि वेळेत आलं तर बरा होतो, केमोच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं. आणि एकाएकी भयंकर दुखायला लागलं, उलटी आली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा, पीळ पडलेला अंडकोष वाचवायला सहा तास असतात. वयात आल्यानंतर गालगुंड झाले आणि खाली सूज आली होती का हेही आठवून सांगा.

आता इक्सी करू का. इक्सी म्हणजे एक शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात, १९९२ पासून आहे, आणि ज्यांचे शुक्राणू मोजकेच आहेत त्यांच्यासाठी ते खरोखर वरदान आहे, मी स्वतः कितीतरी जणांना तिकडे पाठवतो. पण ती सुई तुमच्या शुक्राणूसाठी असली तरी पोटात रोजची इंजेक्शनं दहा-बारा दिवस तुमच्या बायकोला, भूल तिला, पोट फुगणं तिला, निगेटिव्ह आलं की रडणंही तिच्याच वाट्याला. कारण तुमच्यात, आणि तेही कदाचित नुसतं थांबवून सुधारणारं. ती २९ ची आहे, तिचं सगळं नॉर्मल आहे, म्हणून आपल्या हातात वेळ आहे. ती ३७ ची असती तर मी हेच सांगितलं नसतं, तेव्हा सहा महिनेही महाग पडतात, तिकडे दोन्ही गोष्टी एकदम चालू करायला लागतात. तुमच्यासाठी मी असं करीन: इंजेक्शन बंद, हाताने तपासणी, सकाळच्या रक्तातलं एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन ही हार्मोन, आत्ता जे ४ मिलियन आहेत त्यातलं एक सॅम्पल गोठवून ठेवायचं म्हणजे खालीच गेलं तर हातात काहीतरी आहे, आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी रिपोर्ट. काऊंट ५ मिलियनच्या खालीच राहिला तर गुणसूत्रांची आणि वाय क्रोमोसोमची टेस्ट, कारण वाय वरचा तुकडा गळालेला असेल तर इक्सीने मुलगा झाला की तो त्याच्यातही जातो, हे आधी माहीत हवं. सहा-नऊ महिन्यांत वर आला नाही तर इक्सीला माझा विरोध नाही, तेव्हा करूया. फक्त क्लिनिक अशा उपचारांसाठी झालेल्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी केलेलं आहे ना ते बघून घ्या.

आणि आईचं. तुम्ही लिहिलंय ती बायकोलाच बोलते. तुमचा रिपोर्ट हातात आल्यावरही तुम्ही घरी सांगितलेलं दिसत नाही, म्हणजे तुमच्या वाटचं ती मुलगी रोज ऐकून घेतेय. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यांच्या वडिलांच्या, महर्षी कर्व्यांच्या, नावाच्या कर्वे रोडवरून आपण रोज जातो, आणि अजूनही आपल्या घरांत वीर्य हा शब्द जेवणाच्या टेबलावर उच्चारता येत नाही पण सुनेला डोहाळजेवणाला बोलवू नका हे मात्र सगळ्यांसमोर बोलता येतं. काउंट, मोटिलिटी काही समजावत बसू नका. बायको शेजारी असताना सांगा, आई, तपासण्या झाल्या, तिचं सगळं चांगलं आहे, माझं कमी आहे, उपचार चालू केलेत, इथून पुढे तिला काही बोलायचं नाही, जे बोलायचं ते मला बोल. एवढंच. आवाज थरथरला तरी चालेल. बऱ्याच आया हे ऐकून गप्प होतात, काही रडतात, एक माऊली तर दुसऱ्या दिवशी मुलासोबत माझ्याकडे आली आणि सुनेची माफी कशी मागू असं मला विचारत बसली होती. नाहीच ऐकलं तर त्यांना घेऊन या, मी बोलतो.

येताना दोघं या. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळचंच बघायचं असतं. तिचे सगळे जुने कागद आणा, लॅप्रोस्कोपीची सीडी असेल तर तीही. आणि त्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या ट्रेनरकडे किंवा घरी कुठे पडल्या असतील तर एखादी तरी घेऊन या, लेबलवर नक्की काय आणि किती लिहिलंय ते मला वाचायचंय.